भोपळ्याची पहिली सुरी

११ डिसेंबर १९६१

आज तीन भोपळे!

शाळेतून येऊन पाय धुते न धुते तोच शेजारची रुद्रम्मा दारात. एका काखेत पोर, दुसऱ्या काखेत भोपळा. "बाई, एवढा कापून द्या की. आमचे मालक बाजाराला गेलेत." तिच्यामागं गल्लीतल्या आणखी दोघी, तशाच.

लेकुरवाळीनं किंवा पुढं लेकरं व्हायची तिनं अख्खा भोपळा कापायचा नाही अशी इकडची रीत. भोपळा म्हणे घरातल्या थोरल्या मुलासारखा. पहिली सुरी पुरुषानं लावायची, मग बायकांनी हव्या तेवढ्या फोडी कराव्यात. पण या दिवसांत पुरुष रानात नाहीतर बाजारात. भोपळा अडून बसतो. तोड काढली ती आमच्या आत्याबाईंनी. सासूबाईच त्या, पण आल्यापासून मी आत्याबाईच म्हणते. दिवाळीनंतर एकदा रुद्रम्माला अंगणातूनच म्हणाल्या, "आमच्या मास्तरणीकडं दे. तिला काय व्हायचंय?"

बरोबरच आहे. लग्नाला अकरा वर्षं झाली. जे मुळात नाही ते भोपळ्यानं काय जाणार!

तेव्हापासून सगळ्या गल्लीचे भोपळे माझ्या दारात. कापून दिला की जी ती एक फोड ठेवून जाते. तीही घ्यावी लागते. नाही घेतली तर "बाईंना राग आला" म्हणून आणखी चर्चा. मनगट दुखतंय. वह्या तशाच पडल्यात.

१३ डिसेंबर

भोपळ्याची भाजी. कालही. परवाही.

१९ डिसेंबर

नववीला फुलाचा धडा सुरू केला. मोठ्या बाईंनी सकाळीच बोलावून सांगितलं, "तो अंडाशयाचा भाग जरा भरकन उरका. मुलींचा वर्ग आहे." मुलींचाच वर्ग आहे, मग कुणाची लाज? पण बोलायलाही अंगात जोर लागतो.

'अंडाशय' म्हटल्याबरोबर मागचा बाक खिदळला. मी वाटाण्याच्या शेंगा वाटल्या. म्हटलं, हसून झालं की सोला. फुलाच्या पोटातली कुपी म्हणजे अंडाशय, तीच पुढं वाढून ही शेंग होते. आणि बी होण्याआधी तिच्यात जे बारीक बारीक दाणे असतात ती बीजांडं. ती आत कुठं चिकटलेली असतात आणि कशी मांडलेली असतात, एवढाच धडा. नाव तेवढं मोठं — बीजांडविन्यास.

शेंगेत सगळे दाणे एकाच शिवणीला, ओळीनं. मुलींनी बघितलं. मग खाऊन टाकलं. माझ्यासाठी एक शेंग उरली नाही.

२३ डिसेंबर

हे शनिवारचे आले. येडशी स्टेशनात मालधक्क्यावर कारकून आहेत, सोमवारी पहाटे परत. कपाळावर कोळशाची पूड तशीच. जेवताना आत्याबाई म्हणाल्या, "गुंडाप्पाची शरणम्मा आता अठराची झाली." गुंडाप्पामामा म्हणजे त्यांचे मुरूम गावचे धाकटे भाऊ, शरणम्मा त्यांची मुलगी. हे भात कालवत राहिले. मीही वाढत राहिले.

एवढंच. पण समजायचं ते समजलं.

६ जानेवारी १९६२

वेळ अमावास्या, रानातल्या पिकाच्या पूजेचा सण. शाळेला सुट्टी, सगळं गाव रानात. आम्हीही गेलो, नाक्याबाहेरच्या आमच्या तुकड्यावर. ज्वारीत कडब्याची कोप उभी केली, आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. सगळं सकाळपासून मीच केलं, आणि रानात पोचेपर्यंत डोळे मिटायला लागले.

गुंडाप्पामामा मुरूमहून आले होते. भावाबहिणीनं कोपीच्या सावलीत बसून कानडीत बोलणं चालवलं. मला कानडी येत नाही असं त्यांना वाटत असावं, किंवा येतं हे ठाऊक असून बोलत असावेत. मामा म्हणाले, दुसरं लग्न आता कायद्यात बसत नाही, रेल्वेची नोकरी जाईल. आत्याबाई म्हणाल्या, मग हिला सोडचिठ्ठी देऊ. शिकलेली आहे, पोटापुरतं मिळवती, तामलवाडीला भावाकडं राहील. अगदी सरळ आवाजात. भांडं घासायला टाकावं तसं.

यांच्याकडं बघितलं. हे आंबिलीचा लोटा हातात धरून ज्वारीकडं बघत होते. वाईट नाहीत. कधी हात उगारला नाही, कधी टाकून बोलले नाहीत. पण आईपुढं तोंडातून शब्द फुटेल तर शपथ!

मी उठून बांधावर गेले. करडई नुकती फुलायला लागली होती. बोटाला काटा लागला तरी एक फूल तोडून नखानं उकललं. करडईच्या प्रत्येक बारक्या फुलात बीजांड एकच. तळाशी बसलेलं. माझ्या नजरेला ते काही दिसलं नाही, भिंग शाळेत होतं. पण होतं, हे नक्की. रडू आलं. काटा लागला म्हणून रडले असं धरून चालू.

८ जानेवारी

कमरेत उसण.

१३ जानेवारी

भोगी. आज भोपळ्यांचा कहर! पहाटेपासून रांग. मी ओसरीवर पाट मांडून, सुरी घेऊन बसले — न्हाव्यासारखी. आत्याबाई शेजारी बसून एकेकीला विचारत होत्या, "किती म्हैने झाले गं? बस, बस, उभी नको ऱ्हाऊ." पोटुशींना पाट. मला सुरी.

मधेच अजीजाबी रिकामा डबा परत द्यायला आल्या. आमच्या शाळेत शिवणकाम शिकवतात, मागच्याच गल्लीत राहतात. भोपळ्यांची रांग बघून बघतच राहिल्या. "ये क्या लगा के बैठे बाई तुम?" मी रीत सांगितली. त्या अशा हसल्या की बुरख्याचं टोक तोंडात कोंबावं लागलं. "अई अम्मा! मेरे को छे बच्चे हैं. सगळे कद्दू मैंच काटी! एक तो नववा महिना लगे पे काटी. वो हैदर, सब से तगडा वोईच है!"

सगळ्या बायका हसल्या. आत्याबाई हसल्या नाहीत. "तुमच्यात चालत असंल," म्हणाल्या. रांग तशीच राहिली. कुणीही आपला भोपळा उचलून, चला मी कापते, असं म्हणाली नाही.

अजीजाबींनी जाताना हळूच माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात दिवसभर तिथंच आहे असं वाटलं.

२३ जानेवारी

गल्लीचा भोपळा मिळतो तर वर्गात का नेऊ नये? रुद्रम्माला म्हटलं, आज फोड नको, अख्खाच दे, उद्या भाजीला परत करते. तो पिशवीत घालून शाळेत.

वर्गात सुरी पुढं केली आणि महानंदाला बोलावलं. हुशार मुलगी, पहिल्या बाकावरची. ती जागची हलेना. "बाई, म्या न्हाय कापणार. आई मारंल." बाकीच्याही खाली बघायला लागल्या. आणि माझं डोकंच फिरलं! इतक्या दिवसांचं साठलेलं त्या पोरींवर निघालं. म्हटलं, भोपळ्याला डोळे आहेत का? सुरी बाईच्या हातात आहे की बुवाच्या, हे त्याला कोण सांगतं? विज्ञानाच्या तासाला बसता आणि भाजीला भिता? ऊठ, काप!

महानंदानं कापला. रडत कापला. दोन भाग झाले आणि तिच्या हातून सुरी खाली पडली. मला वाईट वाटलं, पण तेव्हा ते दाखवता आलं नाही.

मग विचारलं, बिया कुठं चिकटल्यात? सगळ्या एका सुरात म्हणाल्या, मधे! दरवर्षी हेच उत्तर. लिंबाच्या बिया मधल्या दांड्याला असतात, ते अक्षलग्न. त्यामुळं भोपळ्याच्याही तशाच वाटतात. मग मी गर सोलून, धागा धरून मागं मागं जाते. तो धागा भिंतीपासून निघालेला असतो. भिंतीचंच मांस इतकं फुगून आत येतं की मधे भेटतं, आणि बघणाऱ्याला वाटतं, हाच घराचा मध्य. ते तटलग्न. भिंतीला लटकलेलं सगळं.

जैनबबीनं सालीजवळच्या चपट्या, रिकाम्या बिया वेचल्या. "बाई, ह्या पोचट कशापायी?" सांगितलं, ही बीजांडंच होती. बाकीच्यांसारखीच, त्याच ओळीतली. यांच्यापर्यंत पराग पोचला नाही. म्हणून बी झाली नाही.

"म्हंजी त्यांचा काही दोष न्हाय?"

नाही, म्हटलं. आणि फळ्याकडं तोंड करून नर फुलाचं चित्र काढत बसले. भोपळ्याच्या वेलीवर नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. फळ धरलं नाही तर कोणत्या फुलात काय कमी पडलं, हे आधी बघावं लागतं. आमच्या घरात अकरा वर्षांत तेवढं कुणी बघितलं नाही. पुण्याच्या डॉक्टरणीनं मला तपासलं होतं, म्हणाली होती, तुमच्यात काही खोट दिसत नाही, यांना घेऊन या. यांना कोण नेणार!

२५ जानेवारी

महानंदाची आई शाळेत येऊन गेली. मोठ्या बाईंनी मला बसायलाही सांगितलं नाही. "भाजी चिरायची कामं घरी. शाळेत आकृत्या पुरेत." बरं म्हटलं.

३० जानेवारी

अष्टग्रहीचं खूळ. आठ ग्रह एका राशीत येणार आणि तीन तारखेपासून जग बुडणार म्हणे. वर्गात निम्म्याही मुली नाहीत. किराणा दुकानात तूप-समिधांसाठी झुंबड. जग बुडालंच तर निदान सहामाहीच्या वह्या तपासायच्या वाचतील.

४ फेब्रुवारी

हे आलेत. रविवार म्हणून नाही, तीन दिवसांची रजा टाकून! स्टेशनवरचे सगळेच आपापल्या घरी पळाले म्हणे. "शेवट व्हायचाच असंल तर घरी तरी व्हावा," म्हणाले. मला हसू आलं, त्यांनाही आलं. किती दिवसांनी!

आत्याबाई तिन्ही दिवस महादेवाच्या देवळात जपाला. घरात आम्ही दोघंच. मी चहा केला, यांनी विहिरीवरून पाणी आणलं. ओसरीवर बसून शेंगा फोडल्या. गुंडाप्पामामांचं नाव कुणी काढलं नाही. संध्याकाळी हे एकदम म्हणाले, "तुला लई तरास होतो न्हाय इथं?" मी टरफलं गोळा केली. जग बुडायच्या आदल्या दिवशी कुणी गाऱ्हाणी सांगतं का.

६ फेब्रुवारी

जग आहे तिथंच आहे. आत्याबाई म्हणाल्या, आपल्या जपानं वाचलं. हे पहाटे येडशीला गेले. वह्या आहेतच.

२४ फेब्रुवारी

मतदानाच्या कामावर लावलं होतं. दिवसभर बायकांच्या बोटाला शाई. दुपारी बसल्या जागी डोळा लागला. सोबतच्या मास्तरांनी टेबलावर टिचकी मारून उठवलं. शरमेनं मेले.

उन्हाळा यंदा लवकर. फोडणीचा वास नको वाटतो.

८ मार्च

शिवरात्र झाली आणि गुंडाप्पामामा आले, शरणम्माला घेऊन. "सहज, गाव बघायला." आता कुणी कुणाला फसवत नाही, तरी बोलायची पद्धत तीच.

मुलगी गोड आहे. तिचा राग यावा म्हणून मी सकाळपासून प्रयत्न केला, जमला नाही. आल्या आल्या माझ्याबरोबर भाकरी थापायला बसली. माझ्या खोलीत भिंतीवर मी काढलेला तक्ता आहे, कापलेल्या फळांच्या आकृत्यांचा. तिनं विचारलं, "अक्का, ही कसली रांगोळी?" मी सांगितलं. ही शेंग, हे लिंबू, ही घोळीची बारकी बोंडी. हिच्यात मधे खांब, खांबाला बीजांडं आणि भिंतीशी कसलाच संबंध नाही. तिनं बोट ठेवून बघितलं. "किती नीट बसवलंय देवानं," म्हणाली. मग एकदम डोळ्यांत पाणी आणून, "अक्का, मला हितं यायचं न्हाय हो. पण मला कोण इचारतंय?"

मला तरी कुठं विचारलंय!

१० मार्च

ठरलं. पाडव्याला बोलणी पक्की. आधी माझी सोडचिठ्ठी, गल्लीतल्या चार वडीलधाऱ्यांसमोर, मग वकील. परीक्षा उरकली की मी तामलवाडीला. आत्याबाई म्हणाल्या, "तुझं वाईट व्हावं असं न्हाय गं. पण वंश नगं का?" आणि रडल्या. खरंच रडल्या. त्यांचाही राग नीट करता येत नाही. ही दमणूक त्याचीच असावी, राग करता न येण्याची.

हे मान खाली घालून म्हणाले, "म्या काय करू?" मी म्हटलं, काही करू नका. तुम्हाला तेच जमतं. पहिल्यांदाच बोलले असं. परसात जाऊन उलटी झाली.

१६ मार्च

नववीची प्रश्नपत्रिका लिहिली. "अक्षलग्न व तटलग्न बीजांडविन्यासांतील फरक आकृतीसह स्पष्ट करा." मोठ्या बाईंनी त्यावर काट मारली. मी पुन्हा लिहिली. त्यांनी या वेळी मारली नाही. त्याही दमल्या असतील.

अजीजाबींनी मधल्या सुट्टीत डबा पुढं केला. मी नको म्हटलं. "बाई, सूरत कैसी उतर गई तुम्हारी," म्हणाल्या आणि बराच वेळ माझ्याकडं बघत राहिल्या. काही विचारणार होत्या. मी घंटेचं निमित्त करून उठले.

२१ मार्च

तक्ता भिंतीवरून काढून गुंडाळला. ट्रंकेत मावत नाही. तामलवाडीची एसटी सकाळची आहे म्हणतात.

२७ मार्च

दुपारी रुद्रम्मा भोपळा घेऊन आली. मी ओसरीवर पाट घेतला, सुरी घेतली, बसले. सुरी देठाशी टेकवलीसुद्धा.

आणि हात दाबेना.

दुसरा महिना चाललाय. या पानालाही सांगितलं नव्हतं. लिहिलं की मोडेल असं वाटत होतं. आमच्यात बाहेर बसायची पद्धत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ता नाही. सकाळी मात्र सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरणीनं तपासून सांगितलं — आहे!

मी विज्ञान शिकवते. भोपळ्याला डोळे नाहीत. अजीजाबींना सहा मुलं. पोरींना रडवून कापायला लावलाय मी. सगळं माहीत आहे मला, सगळं! तरी सुरी खाली ठेवली आणि म्हणाले, "रुद्रम्मा, आज पहिली सुरी कुणा पुरुषमाणसाकडून लावून घे गं."

ती बिचारी "बरं" म्हणून भोपळा उचलून गेली. आत्याबाई पलीकडं डाळ पाखडत होत्या. सूप थांबलं. माझ्याकडं बघितलं, सुरीकडं बघितलं. मग गुडघ्यावर हात देत उठल्या, जवळ आल्या, आणि पाटावरची सुरी उचलून पदराखाली झाकून आत घेऊन गेल्या.